मुंबईत अभिनयासाठी येताय? काम, खोली आणि देवधर्माची घडी कशी बसवायची

मी सिंधुदुर्गातल्या दशावतारी, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य करणाऱ्या, घरातून मुंबईत आलो. आमच्याकडे आधी वेशभूषेच्या पेटाऱ्याची पूजा होते, मगच तोंडाला रंग लागतो. मुंबईत कला आणि देव यांची गाठ अशी आपोआप पडत नाही. सातचा कॉल, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, असला की साडेपाचला घर सोडावं लागतं. तिन्हीसांजेला दिवा लावायला खोलीवर कुणी नसतं. एकादशीला सेटवर काय खायचं, गणपतीला गावी जायला मिळणार का, हातातला दोरा काढायला सांगितला तर काय करायचं, असे प्रश्न पहिल्याच महिन्यात समोर येतात. ऑडिशन कशी द्यावी हे सांगणारे पुष्कळ भेटतात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलं आहे.

नाटक, मालिका, नाच, गाणं यांपैकी कशासाठीही येत असाल तरी हे उपयोगी पडेल. माझं म्हणणं एवढंच की श्रद्धेला दिवसाच्या वेळापत्रकात पक्की जागा द्या, पण काम मिळवण्याच्या व्यवहारात तिला आणू नका. पुढे जे जे सांगितलंय, ते या एका गोष्टीला धरून आहे.

1. निघण्याआधी: कागदपत्रं आणि हातातले पैसे

एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या आणि तिच्यात हे भरा:

- आधार आणि पॅन. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग अगदी सारखं हवं. फरक असेल तर गावातूनच दुरुस्त करून या, इथे त्यासाठी कामाचे दिवस जातात.
- आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असल्याची खात्री. भाडेकरारापासून बँकेपर्यंत सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर येतो.
- बँकेचं पासबुक आणि रद्द केलेला एक चेक. मानधन खात्यातच जमा होतं.
- पासपोर्ट साइझ फोटो, आणि वेगळे चार फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून, पूर्ण उंचीचा. साधी भिंत, दिवसाचा उजेड, मेकअप नाही. महागडा पोर्टफोलिओ सुरुवातीला लागत नाही.
- एक मिनिटाचा ओळखीचा व्हिडिओ: नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा, केलेलं काम. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी येत असेल तर त्या बोलीत दोन वाक्यं जरूर बोला.
- आरोग्य विम्याचा कागद, रक्तगट, आणि अडीअडचणीला फोन करायचे दोन नंबर, कागदावर लिहिलेले.

देव्हाऱ्यातले कुलदैवताचे टाक आणू नका. ते घरच्या देव्हाऱ्यातच राहू देत. खोल्या बदलत राहतात, सामान कधी मित्राकडे टाकावं लागतं, कधी चार लोकांच्या कपाटात. एक छोटा फोटो आणा, तेवढा पुरतो.

पैशांचं म्हणाल तर निदान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण हातात असल्याशिवाय निघू नका. पहिलं काम लगेच मिळालं तरी त्याचे पैसे लगेच मिळत नाहीत. त्याबद्दल पुढे सांगतो.

2. खोली शोधताना

कामं बहुतेक पश्चिम उपनगरांत आहेत. ऑडिशन वर्सोव्याच्या आरामनगरात, वीरा देसाई रोडवर, ओशिवऱ्यात. चित्रीकरण गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, मढला, मीरा रोडला, ठाण्यात घोडबंदर रोडला. मराठी मालिका तर सातारा, कोल्हापूर, नाशिकलाही चित्रित होतात. नाटकाच्या तालमी दादर, माटुंगा, पार्ले, गिरगाव अशा कुठेही. अंधेरी परवडत नसेल तर मालाड-मालवणी, मीरा रोड, नायगाव, वसई बघा. नाटकातच जास्त काम करायचं असेल तर डोंबिवली-ठाणेही सोयीचं पडतं. सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि गडकरी रंगायतन ही नाट्यगृहं जवळ, आणि दादर एका गाडीच्या अंतरावर.

घर दाखवताना एजंट आडनाव विचारेल, जात-धर्म विचारेल, मांसाहार करता का विचारेल, आणि ‘लाइनमधले’ (नट-कलाकार) म्हटल्यावर काही मालक सरळ नकार देतील. याने मन खट्टू होतं. तरीही खोटं बोलून खोली घेऊ नका. मासे खात असाल तर आधीच सांगा. घरात नमाज पढत असाल, रोज सकाळी सहाला घंटी वाजवत असाल, तेही सांगा. लपवून घेतलेल्या घरात माणूस रोज दबून राहतो आणि त्याचा परिणाम कामावर होतो.

करार लिव्ह अँड लायसन्सचा, बहुतेक वेळा 11 महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार तो नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नुसता नोटरी केलेला कागद पुरत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी आधार आणि अंगठा लागतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली का हेही मालकाला विचारा. शेअरिंगमध्ये राहत असाल तर करारात तुमचं नाव आहे की नाही ते बघा. नाव नसेल आणि मुख्य भाडेकरूने खोली सोडली, तर तुमचं डिपॉझिट कुणाकडून मागायचं हा प्रश्न उरतो.

3. खोलीत देवाची जागा

शेअरिंगच्या खोलीत देव्हारा मांडता येत नाही. कपाटाचा वरचा एक कप्पा किंवा पलंगाच्या डोक्याशी हातभर फळी, एवढीच जागा मिळते. खोलीतल्या सगळ्यांना विचारून ती ठरवा. उदबत्तीच्या धुराने कुणाला दमा होतो, कुणी रात्रीची शिफ्ट करून सकाळी झोपलेलं असतं. समई किंवा निरांजन चालू ठेवून बाहेर पडायचं नाही. लाकडी पार्टिशन, पडदे, गाद्या सगळं एका खोलीत असतं. मी हात जोडेपर्यंत दिवा लावतो आणि शांत करूनच निघतो.

पूजा केवढी, हे रोजच्या कॉलवरून ठरवू नका. पाचला उठायचं असो की दहाला, रोज तेवढंच करायचं. पंधरा मिनिटं ठेवा. आंघोळ, दिवा, एखादं स्तोत्र किंवा अभंग. आणि खरं सांगायचं तर अभंग, स्तोत्र मोठ्याने म्हणणं ही आवाजाची उत्तम तयारी आहे. श्वास लांबतो, जोडाक्षरं सुटी होतात, सकाळचा बसलेला घसा मोकळा होतो. कुराणाचं पठण करणारे, चर्चमध्ये गाणारे माझे सहकारीही हेच सांगतात. ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी ही पंधरा मिनिटं रियाजाला द्यावीत. दिवसाची सुरुवात फोनने झाली की ‘तिची निवड झाली, याची झाली’ हेच डोक्यात शिरतं, मग दिवसभर ते निघत नाही.

4. ऑडिशनचा दिवस

आरामनगरातल्या जुन्या बैठ्या घरांमध्ये कास्टिंगची बरीच ऑफिसं आहेत. मेट्रोने वर्सोव्याला उतरून रिक्षा करता येते. सोबत साधे, एका रंगाचे दोन जोड कपडे, पाण्याची बाटली, चार्जर ठेवा. पोचल्यावर नाव लिहून घेतात, सीन हातात देतात. कॅमेऱ्यासमोर आधी नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता ते सांगायचं, मग डावं-उजवं प्रोफाइल दाखवायचं, हात दाखवायचे, मग सीन. ‘नॉट फिट’ म्हणाले तर त्याचा अर्थ त्या भूमिकेसाठी चेहरा किंवा वय जुळत नाही एवढाच. नमस्कार करून निघावं.

गंध लावून, माळ घालून ऑडिशनला जावं का, हे मला नवे लोक नेहमी विचारतात. माझं मत: भूमिकेचा चेहरा समोरच्याला स्वच्छ दिसू द्या. गंध पुसून जाण्यात देवाचा अपमान नाही. दशावतारात राजाचा मुकुट घालताना माणूस आपली टोपी काढतोच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, कोणती भूमिका करणार नाही हे ऑडिशनच्या आधी ठरवा. जवळिकीचे प्रसंग, दारू-सिगारेट, आपल्या श्रद्धेची टिंगल करणारा प्रसंग, दुसऱ्या धर्माची पूजा करणारं पात्र. यातलं काय चालेल, काय चालणार नाही, ते एका कागदावर लिहा. मी स्वतः कुठल्याही धर्माचं पात्र आनंदाने करतो, ते कलाकाराचं कामच आहे. पण ज्याला जमत नाही त्याने ऑडिशनलाच सांगावं. निवड होऊन कपडे शिवून झाल्यावर नकार दिला की पन्नास जणांचा दिवस वाया जातो आणि तुमचं नाव खराब होतं.

5. दोरा, माळ, अंगठी, केस

मोठमोठ्या प्रश्नांपेक्षा जास्त अडचण याचीच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मालिकेत आज चित्रित केलेल्या प्रसंगाचा पुढचा भाग आठवड्याने चित्रित होऊ शकतो. आज मनगटावर लाल दोरा आहे आणि पुढच्या आठवड्यात नाही, तर पडद्यावर तो एकाच संध्याकाळी गायब झालेला दिसतो. याला कंटिन्युइटी म्हणतात आणि ती सांभाळणारा असिस्टंट डायरेक्टर प्रत्येक शॉटचे फोटो काढून ठेवतो. म्हणून पहिल्या दिवशीच, पहिल्या शॉटच्या आधी, अंगावर जे काही आहे ते त्याला आणि ड्रेसदादांना, म्हणजे कपडे सांभाळणाऱ्यांना, दाखवा. दोरा, गंडा, ताईत, तुळशीची माळ, क्रूस, जानवं, कडं, राशीची अंगठी, गोंदण. ते म्हणतील काढा, किंवा म्हणतील पात्राला शोभतंय, ठेवा. ठेवायचं ठरलं तर मालिका संपेपर्यंत ते तसंच ठेवावं लागतं. देवळात गेल्यावर पुजाऱ्याने नवा दोरा बांधला तर सेटवर जाण्याआधी तो सोडायचा.

काढायला सांगितलं आणि मन तयार नसेल तर वाद घालू नका, वाट शोधा. माझ्या मनगटावर आईने बांधलेला काळा दोरा होता. शहरी डॉक्टरचं पात्र, तो दिसून चालणार नव्हता. ड्रेसदादांनी तो सोडवून माझ्या सदऱ्याच्या आतल्या शिवणीत, काखेच्या जरा खाली, दोन टाक्यांनी अडकवून दिला. कॉलरला हात लावून बघितलं, बाहेरून काही दिसत नव्हतं. पुढे त्या पात्राच्या प्रत्येक सदऱ्यात त्यांनी न सांगता तो हलवला. ही माणसं समजून घेतात. फक्त आधी सांगायचं आणि ‘दादा’ म्हणून नीट सांगायचं.

केसांचं मात्र आधीच बोलून घ्या. तिरुपतीला किंवा कुठेही केस देण्याचा नवस बोलला असाल तर तो करार करण्याआधी फेडा, नाहीतर मालिका संपल्यावर. घरात कुणी गेलं तर केस काढण्याचा प्रश्न येतो, आणि तो सांगून येत नाही. अशा वेळी प्रॉडक्शनला पहिल्याच फोनमध्ये स्पष्ट विचारा. काही वेळा विग लावून काम निभावतात, काही वेळा निभावत नाही. तेव्हा काय करायचं हे घरातल्या मोठ्यांशी आधी कधीतरी शांतपणे बोलून ठेवलेलं असलं की त्या दिवशी भांडण होत नाही.

6. सेटवरचे आणि विंगेतले रिवाज

नाटकाच्या शुभारंभाच्या प्रयोगाआधी नटराजाची पूजा होते, नारळ वाढवतात. तिसऱ्या घंटेआधी सगळे एकमेकांना भेटतात, धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात. रंगमंचावर चपला घालून फिरू नका, पात्राची पादत्राणं वेगळी. पाऊल टाकण्याआधी फळ्यांना हात लावून नमस्कार करण्याची रीत आहे. कुणी सक्ती करत नाही, पण ही रीत पाळताना नास्तिक कलाकारही मी पाहिले आहेत. ज्या जागेवर उभं राहून आपण बोलतो तिचा मान ठेवण्याचा तो प्रकार आहे. 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत केलेल्या प्रयोगाची ती आठवण. त्या दिवशी बऱ्याच नाट्यगृहांत नटराजपूजन असतं, नव्या माणसाने जरूर जावं. ज्येष्ठ कलाकार निवांत भेटतात, आणि त्या दिवशी कुणी काम मागायला आल्यासारखं बघत नाही.

चित्रीकरणात मुहूर्ताला नारळ आणि क्लॅप. सेटवर देवघर उभारलेलं असतं, त्यातली मूर्ती बहुतेक वेळा फायबरची किंवा प्लास्टरची. तरी स्पॉटदादा (सेटवर चहापाणी, जेवण बघणारे) तिच्यासमोर चपला काढतात, तुम्हीही काढा.

मेकअप रूममध्ये उदबत्ती, कापूर लावू नका. सेट प्लायवूड, थर्माकोल आणि कापडाचा असतो, आग लागायला वेळ लागत नाही. आरशाच्या कडेला छोटा फोटो ठेवायला हरकत नाही, फक्त ती खोली आणखी तिघांची आहे हे लक्षात असू द्या.

7. उपवास, रोजा, प्रार्थना

बारा तासांची शिफ्ट, डोक्यावर लाइट, अंगावर भरजरी कपडे. निर्जळी उपवास करून असं काम करू नका. चक्कर येऊन पडलात तर शूट थांबतं. नवरात्राचे नऊ दिवस करत असाल तर फळं, ताक, राजगिरा, शेंगदाणे जवळ ठेवा. एकादशी, महाशिवरात्रीला बहुतेक सेटवर उपवासाचं मिळतं, पण आदल्या दिवशी प्रॉडक्शनला आकडा सांगावा लागतो. आयत्या वेळी मागितलं तर स्पॉटदादांची धावपळ होते.

रोजे ठेवणाऱ्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच असिस्टंट डायरेक्टरला इफ्तारची वेळ कळवावी. दहा मिनिटांचा ब्रेक मागितला तर सहसा मिळतो, कारण शॉटची आखणी आधी करता येते. शुक्रवारच्या नमाजचंही आदल्या दिवशीच सांगा. रविवारची मिस्सा सकाळी लवकर आणि संध्याकाळी अशा दोन्ही वेळी बऱ्याच चर्चमध्ये असते, कॉल बघून ठरवता येतं.

8. सणाला गावी जायचं असेल तर

मालिकेत असाल तर ‘गणपतीला पाच दिवस हवेत’ हे करारावर सही करताना सांगा आणि लेखी घ्या, मग एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरला दोन महिने आधी आठवण करा. सणापूर्वी एपिसोडची बँक करतात, म्हणजे जादा काम करून भाग साठवून ठेवतात. तुमचे दिवस आधी माहीत असतील तर तुमचे प्रसंग त्या बँकेत बसवता येतात. कोकणातल्यांसाठी आणखी एक गोष्ट: रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. म्हणजे सुट्टीचा होकार त्याच्याही आधी हातात हवा. नाही मिळाला तर एसटीच्या जादा गाड्यांवर लक्ष ठेवा.

जत्रा, कुलाचार, गोंधळ यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला घरच्यांकडून लिहून घ्या. सगळ्यांना जाता येणार नाही. कुठल्या दोन चुकवायच्या नाहीत तेवढं ठरवा.

पितृपक्षात बरेच निर्माते नवा मुहूर्त टाळतात. त्या पंधरवड्यात नवं काम सुरू होईल असं धरून पैशांचं गणित मांडू नका. ऑडिशन मात्र चालू असतात, त्या देत राहा.

9. कुठे जावं, कधी जावं

प्रभादेवीचा सिद्धिविनायक 1801 सालचा. मंगळवारी आणि अंगारकीला रांग फार मोठी असते, कॉल असेल त्या दिवशी या भानगडीत पडू नका. इतर वारी सकाळी लवकर जा. मेट्रो 3 चं सिद्धिविनायक स्थानक झाल्यापासून गोरेगाव-आरेच्या बाजूने येणं सोपं झालंय. रवींद्र नाट्य मंदिर तिथून चालत अंतरावर आहे, प्रयोग आणि दर्शन एका फेरीत होतं.

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात आषाढीला मोठी गर्दी असते. ज्यांची वारी कामामुळे चुकते त्यांचं पंढरपूर तेच. हाजी अलीला जाताना भरतीची वेळ बघून जा, दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेना ही खास प्रार्थना असते, सगळ्या धर्मांचे लोक येतात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांनी दादरच्या तालमी, प्रयोग यांच्या वेळा त्या गर्दीचा अंदाज घेऊन ठरवाव्यात.

वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला सप्टेंबरमध्ये आठवडाभर जत्रा असते. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. ज्याचं मागणं असेल ते मेणाचं घ्यायचं आणि वाहायचं. माझ्याबरोबरची एक नृत्यांगना गुडघ्याचं दुखणं घेऊन तिथे गेली. टपरीवाल्या मावशींनी तिला पाय काढून दिला, तिने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, ‘मावशी, डावा द्या.’ डावा-उजवा वेगळा नसतो म्हटल्यावर तिने पेनाने घोट्याजवळ बारीक ‘डा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती फिजिओथेरपीलाही गेली. मला हा क्रम योग्य वाटतो.

10. श्रद्धेच्या नावावर होणारी फसवणूक

काम मिळत नसलेला कलाकार कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो, आणि हे ओळखणारे लोक या शहरात आहेत. त्यांच्या बोलण्याचे ठरलेले प्रकार असतात.

एक, ‘तुमच्या पत्रिकेत योग आहे, अमुक पूजा केली की तीन महिन्यांत मुख्य भूमिका.’ दोन, ‘तुमच्या चेहऱ्यावर कुणीतरी करणी केलीय.’ तीन, निर्मात्याची ओळख सांगणारा गुरुजी, जो पूजेचे पैसे घेतो आणि कास्टिंगचेही. चार, एकट्या मुलीला ‘विशेष विधी’साठी बोलावणारा. यांपैकी कुणालाही एक रुपया देऊ नका, आणि चौथ्याच्या तर दारातही जाऊ नका. महाराष्ट्रात 2013 पासून नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा लागू आहे. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणं, भीती घालणं, शोषण करणं यासाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. देवाला मानणाऱ्या माणसाने तर ती आधी करावी, कारण विटाळ आपल्याच देवाला होतोय.

नावाचं स्पेलिंग बदलण्याचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो. पण एक अक्षर वाढवलं की करार एका नावाने, पॅन दुसऱ्या, बँक खातं तिसऱ्या अशी अवस्था होते आणि मानधन अडकतं. पडद्यावर वेगळं नाव हवंच असेल तर श्रेयनामावलीत ते लावा, करारावर मात्र कागदोपत्री नावच घाला. कायमचं बदलायचं तर राजपत्रात जाहिरात देऊन रीतसर बदला.

देवाचं नाव न घेणारे ठकही ओळखून ठेवा. खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनसाठी पैसे घेत नाही. नोंदणी फी, कॉस्च्युमचं डिपॉझिट, ‘आर्टिस्ट कार्ड काढून देतो’, क्यूआर कोड स्कॅन करा, असं कुणी म्हटलं की तिथेच थांबायचं. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. रात्रीची, हॉटेलच्या खोलीतली ऑडिशन घ्यायचीच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा निर्मितीसंस्था आणि कास्टिंगच्या ऑफिसांनाही लागू आहे.

11. मानधन

मालिकेचे पैसे साधारण 90 दिवसांनी येतात. नाटकात प्रत्येक प्रयोगाचं ठरलेलं मानधन असतं, त्याला ‘नाईट’ म्हणतात, ते लवकर मिळतं. बोलणी करताना रोजचा दर, महिन्यातले किमान दिवस, प्रवासखर्च, पैसे कधी, हे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या. मानधनातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात, बहुतेक वेळा 10 टक्के. तो आपल्या पॅनवर जमा झालाय का ते आयकर खात्याच्या वेबसाइटवर दिसतं, आणि उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. कितीतरी नवे कलाकार हे पैसे तसेच सोडून देतात. दोन-चार कामं झाली की सिंटा या कलाकारांच्या संघटनेच्या सदस्यत्वाची चौकशी करा. पैसे थकले तर मागे कुणीतरी उभं राहतं.

नवस बोलायचा तर पहिल्या मानधनावर बोला, पण तो आपल्या ऐपतीत बसणारा हवा. उसने पैसे घेऊन फेडायचा नवस बोलू नका.

12. काम नसलेले दिवस

ते येतातच आणि लांबतात. त्या दिवसांत माणसांत राहा. एकांकिकेच्या तालमीला बॅकस्टेज करायला जा, प्रायोगिक नाटकाला हात लावा. भजनी मंडळ शोधा. लालबाग-परळपासून विरारपर्यंत कोकणातल्या, घाटावरच्या गावकऱ्यांची मंडळं आहेत, पखवाज किंवा टाळ धरणाऱ्याला कुणी परकं मानत नाही. आठवड्यातून एकदा तिथे बसलात की कामाविषयी कुणी विचारत नाही, तुमचा सूर लागतोय का एवढंच बघतात.

घरी आठवड्यातून एक ठरलेला फोन करा आणि खरं ते सांगा. झोप उडाली, जेवण जाईना, देवापुढे बसलं तरी मन थाऱ्यावर येईना असं दोन आठवडे चाललं, तर ते अंगावर काढू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.